ड्वॉर्फ फोर्ट्रेसमधील जखमा आणि लढाई: नव्याने खेळणाऱ्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेममधून आलेला खेळाडू ड्वॉर्फ फोर्ट्रेस हा ड्वॉर्फ म्हणजे बुटक्यांचा किल्ला सांभाळायचा संगणकावरचा गेम पहिल्यांदा उघडतो, तेव्हा त्याला अडचण चित्रांची येत नाही आणि इंग्रजीचीही फारशी येत नाही. आपल्या सैनिकाचे ‘लाइफ’ किती उरले आहे हे त्याला कुठेच दिसत नाही, आणि धडधाकट वाटणारा गडी हातातली कुऱ्हाड टाकून मधेच का पडला, याचा उलगडा होत नाही. आमच्या दारव्हा-दिग्रस भागातल्या गावांत हा गेम पेन ड्राइव्हवरून एका घरातून दुसऱ्या घरात पोचतो, पण तो कसा समजून घ्यायचा हे त्याच्यासोबत पोचत नाही. गोब्लिन या शत्रू जमातीच्या पहिल्याच टोळीने किल्ला धुऊन काढला की पोरे कंटाळतात आणि गेम पुसून टाकतात.

टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोन भावांनी बनवलेला हा गेम 2006 साली पहिल्यांदा लोकांसमोर आला, आणि 6 डिसेंबर 2022 रोजी त्याची चित्रांसह विकत मिळणारी आवृत्ती स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आली. इतक्या वर्षांत त्यातली जखमांची व्यवस्था इतकी बारीक झाली आहे, की लढाईचा निकाल तलवारीच्या ताकदीपेक्षा शरीराचे कोणते काम आधी बंद पडले यावर ठरतो. हा लेख तेवढ्यापुरताच आहे. किल्ला कसा खणायचा, पिके कशी घ्यायची, दारू कशी गाळायची या गोष्टी तुम्हाला थोड्याफार जमतात असे मी धरून चाललो आहे.

## सुरुवातीला काय लागेल

- 64 बिटचा संगणक आणि किमान 4 जीबी रॅम. ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप चालतो आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही, कारण सगळा भार प्रोसेसरवर असतो.
- गेमची क्लासिक आवृत्ती. ती फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतली की पुढे इंटरनेट लागत नाही. तीत चित्रांऐवजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात, मात्र जखमांचे नियम विकतच्या आवृत्तीत आहेत तेच आहेत.
- चाक असलेला माउस, कारण लढाईचे रिपोर्ट लांबलचक असतात.
- एक वही. ती कशासाठी, हे तिसऱ्या पायरीत येईल.

विजेबद्दल वेगळे सांगायला हवे. गेममधले ऑटोसेव्ह ऋतूवर ठेवता येते, पण गेमचा एक ऋतू 84 दिवसांचा असतो, आणि संगणक 100 एफपीएसने (म्हणजे सेकंदाला 100 फ्रेमने) चालत असेल तर तो साधारण 17 मिनिटांत संपतो. जुन्या यंत्रावर वेग 30 पर्यंत घसरला की त्याच ऋतूला जवळजवळ तासभर लागतो, आणि आपल्याकडची लाइट तेवढी वाट पाहत नाही. म्हणून शत्रू आल्याची सूचना दिसताच गेम थांबवा, हाताने सेव्ह करा, आणि मगच सैन्य हलवा. लोकसंख्येची मर्यादा मुळात 200 असते. ती सेटिंगमध्ये जाऊन 60-70 वर आणली तर यंत्रही दम धरते आणि कोण जखमी झाला हे तुमच्याही लक्षात राहते.

## 1. शरीर कसे रचलेले आहे ते आधी समजून घ्या

प्रत्येक प्राण्याचे शरीर भागांत विभागलेले आहे: डोके, छाती, पोट, दंड, मनगटाकडचा हात, पंजा, एकेक बोट, मांडी, पोटरी, पाऊल. प्रत्येक भागाला थर आहेत. बाहेर त्वचा, तिच्याखाली चरबी, मग स्नायू, आणि आत हाड. छाती-पोटात हृदय, दोन फुप्फुसे, यकृत, आतडी, मूत्रपिंडे असे अवयव वेगळे धरले आहेत, पाठीच्या कण्याचेही वरचा, मधला आणि खालचा असे भाग आहेत. याखेरीज रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि हाडांना बांधून ठेवणारे टेंडन व लिगामेंट यांची नोंद गेम स्वतंत्रपणे ठेवतो.

वार बसला की गेम तो कोणत्या भागावर बसला, शस्त्र कशाचे होते, त्याची धार किती जागेवर टेकली, अंगावर कोणते चिलखत होते, हे सारे पाहून तो थरामागून थर किती आत गेला याचा हिशेब करतो. त्यामुळे दोन सारख्या दिसणाऱ्या वारांत एकाने नुसते खरचटते आणि दुसऱ्याने हात कायमचा निकामी होतो. नशिबाचा भाग त्यात आहेच, पण समजतो त्यापेक्षा तो कमी आहे.

## 2. किल्ल्याआधी अरीनात हात साफ करा

मुख्य मेनूत अरीना नावाची जागा आहे. तिथे हवे ते प्राणी, हव्या त्या शस्त्रांसह आणि चिलखतांसह उभे करून त्यांना आपापसात लढवता येते. किल्ला बुडण्याची भीती नसते. नव्या माणसाने पहिली संध्याकाळ इथेच घालवावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण किल्ल्यात लढाई वर्षातून मोजक्या वेळा होते आणि तेवढ्यावर काही शिकून होत नाही.

सुरुवातीला एक ड्वॉर्फ तांब्याची तलवार देऊन पोलादी साखळी चिलखत घातलेल्या दुसऱ्या ड्वॉर्फसमोर उभा करा. तलवार बहुतेक वेळा सरकून जाईल. मग त्याच जागी हातोडा द्या. साखळी चिलखत लवचीक असल्यामुळे ते धार अडवते, पण दणका आत जाऊ देते, आणि चिलखत शाबूत असताना खालचे हाड मोडलेले तुम्हाला दिसेल. त्यानंतर निःशस्त्र ड्वॉर्फ लांडग्यासमोर ठेवा आणि लांडगा चावा घेऊन पकडून कसा हिसडे देतो ते पाहा.

सावधान: अरीनात एका वेळी एकच गोष्ट बदला. कौशल्याची पातळी दोघांची सारखी ठेवली नाही, तर शस्त्रामुळे जिंकला की सरावामुळे, हे कळणारच नाही.

## 3. लढाईचा रिपोर्ट ओळ-ओळ वाचा

बहुतेक नवे खेळाडू पडद्यावरची धुमश्चक्री पाहतात आणि शेवटी किती जिवंत राहिले ते मोजतात. खरी माहिती रिपोर्टमध्ये असते. तो इंग्रजीत असतो, पण त्यात पंचवीस-तीस शब्दच फिरून फिरून येतात. ते वहीत उतरवून समोर मराठी अर्थ लिहिला की दोन-तीन दिवसांत वही लागेनाशी होते.

एका साध्या झटापटीचा रिपोर्ट मराठीत सांगायचा तर तो असा असतो. गोब्लिन भाला मारतो, ड्वॉर्फ ढालीवर घेतो. गोब्लिन पुन्हा मारतो, भाला उजव्या दंडात शिरतो, त्वचा, चरबी आणि स्नायू फाटतात. एक मोटर नर्व्ह (हालचालीचा मज्जातंतू) तुटते. ड्वॉर्फच्या उजव्या हातातून पोलादी कुऱ्हाड गळते. ड्वॉर्फ डाव्या हातातल्या ढालीने गोब्लिनच्या डोक्यावर मारतो, त्वचेवर मुका मार बसतो. गोब्लिन मांडीवर वार करतो, धमनी उघडते. ड्वॉर्फ खाली पडतो. ड्वॉर्फ वेदनेपुढे हार मानतो. यानंतरचे सगळे वार डोक्यावर.

या लढाईचा निकाल शेवटच्या वारावर लागलेला नाही. मोटर नर्व्ह तुटली त्या ओळीवर तो लागलेला आहे. तिथून पुढे ड्वॉर्फकडे मारायला शस्त्रच नव्हते, आणि बाकीच्या ओळी म्हणजे फक्त वेळ. रिपोर्ट वाचताना अशी ओळ शोधायची सवय लावा. ती सापडली की मग विचारा: दंडावर काय घातले होते? बहुतेक वेळा उत्तर ‘काही नाही’ असे येते.

नेहमी दिसणाऱ्या काही शब्दांचे वजन ध्यानात ठेवा. ‘ग्लान्सेस अवे’ म्हणजे वार सरकून गेला. ‘ब्रूझिंग’ म्हणजे मुका मार, तो त्वचेला असेल तर सोडून द्या, स्नायूला असेल तर लक्ष ठेवा. ‘टेअरिंग’ म्हणजे फाटणे, ‘फ्रॅक्चरिंग’ म्हणजे हाडाला तडा जाणे. ‘आर्टरी’ हा शब्द दिसला की त्या माणसाकडे वेळ थोडा आहे. ‘टेंडन’ आणि ‘लिगामेंट’ हे शब्द सांध्यापाशी येतात, आणि तो हात किंवा पाय निदान या लढाईपुरता गेला असे समजावे. ‘नर्व्ह’ आला तर तो कदाचित जन्मापुरताच गेला.

## 4. पकड, पाय, श्वास आणि शुद्ध यांवर लक्ष ठेवा

रक्त हळूहळू जाते आणि मोठ्या शरीरात ते जास्त असते, म्हणून हत्तीसारखा प्राणी रक्तबंबाळ होऊनही बराच वेळ तुडवत राहतो. शत्रूचे रक्त जाईल या भरवशावर राहू नये. लढाई संपते ती पुढच्या चारपैकी एखादे काम थांबल्याने.

पकड. हात कुठेही निकामी झाला, मग ते पंजात असो, मनगटाकडच्या हातात की दंडात, तरी हातातली वस्तू सुटते. हाड मोडले असेल तर ते बांधल्यावर पकड परत येऊ शकते. मज्जातंतूची इजा मात्र या गेममध्ये भरून येत नाही. संवेदनेचा तंतू तुटला तर त्या भागात वेदना जाणवत नाही, आणि विचित्र वाटले तरी लढणाऱ्याला त्याचा फायदाच होतो. हालचालीचा तंतू तुटला तर तो अवयव लोंबकळत राहतो. दुसरा हात चांगला असेल तर असा सैनिक त्या हाताने लढतो, पण मग ढाल की शस्त्र असा प्रश्न येतो, आणि ढाल सोडलेला सैनिक फार दिवस टिकत नाही.

पाय. मांडी, पोटरी किंवा पाऊल गेले की माणूस कोसळतो. पडलेला सैनिक सरपटत हलतो आणि त्याला वार चुकवणे कठीण जाते. आपल्याकडे तुरीच्या वावरात रानडुकराचा सामना झालेला माणूस कुठेही भेटतो. डुकराचा सुळा मांडीला लागतो, माणूस उताणा पडतो, आणि मोठी इजा त्यानंतर होते. गेममधला क्रमही नेमका तोच आहे, म्हणून पायाचे चिलखत दुय्यम मानणाऱ्यांचे मला नवल वाटते. (विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: गेममधले उपचार गेममध्येच ठेवा. खऱ्या डुकराने फाडले तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने भरपूर धुऊन तडक प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचे, धनुर्वाताचे आणि रेबीजचे इंजेक्शन घ्यायचे. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरून 108 ला फोन करायचा.)

श्वास. एक फुप्फुस फाटले तर सैनिक धापा टाकत लढतो आणि लवकर थकतो. दोन्ही गेली तर गुदमरून मरतो, त्यावर इलाज नाही. गळा आवळल्यानेही शुद्ध जाते. महाकाय गुहाकोळ्याचे विष अंग लुळे पाडते, आणि लुळेपणा छातीपर्यंत पोचला की श्वासही थांबतो. अशा कोळ्यासमोर माणसे जवळ पाठवायचीच नाहीत.

शुद्ध. वेदना साचत जातात आणि एका मर्यादेनंतर सैनिक बेशुद्ध पडतो. ही मर्यादा प्रत्येकाची वेगळी असते. चिवटपणा आणि इच्छाशक्ती जास्त असलेला ड्वॉर्फ तुटक्या बोटांनी लढतो, दुसरा पोटाला एक लाथ बसताच ओकाऱ्या काढत बसतो. बेशुद्ध पडलेल्यावर शत्रू जवळजवळ हमखास डोक्यावर घाव घालतो. शिरस्त्राण असेल तर तेवढ्या वेळात साथीदार पोचू शकतात, नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या घावात कवटी फुटून मेंदूत घुसते.

## 5. शस्त्र आणि चिलखत या हिशेबाने निवडा

आता चिलखताचा क्रम सरळ लागतो. आधी शिरस्त्राण, मग साखळी चिलखत, मग पायांचे आणि हातांचे. साखळी चिलखत धड झाकतेच, शिवाय दंड आणि मांड्याही झाकते, म्हणून छातीचा पत्रा मिळाला तरी तो साखळीच्या वरून घालायचा, तिच्या ऐवजी नाही. ढाल कोणत्या धातूची आहे याने अडवण्यात फरक पडत नाही. साध्या लाकडाची ढालही तितकेच वार अडवते, तेव्हा धातू वाचवा आणि सुतारशाळेत सगळ्यांसाठी ढाली करून घ्या.

धातूंमध्ये तांबे सर्वांत खालचे, त्यावर कासे आणि लोखंड, त्यावर पोलाद. गोब्लिन बहुधा तांब्या-लोखंडाच्या शस्त्रांनी येतात. तुमच्याकडे पोलाद असेल तर त्यांच्या धारेची चिंता बरीच मिटते. पोलादासाठी लोखंडाबरोबर चुनखडीसारखा फ्लक्स दगड आणि कोळसा लागतो, म्हणून जागा निवडतानाच फ्लक्स आहे का ते पाहा.

शस्त्रांबद्दल थोडक्यात. कुऱ्हाड रुंद धारेने अवयव तोडते, म्हणजे पकड आणि पाय यांवर तिचा मारा. भाला अरुंद आणि खोल जातो, तो आतले अवयव गाठतो आणि मोठ्या जनावरांवर उपयोगी पडतो. हातोडा चिलखताला जुमानत नाही. हातोड्यासाठी वजन हवे, धार नको, म्हणून इथे पोलादापेक्षा चांदी सरस ठरते. चांदीची घनता घनमीटरला सुमारे 10,490 किलो, पोलादाची 7,850 किलो. उलट अ‍ॅडमँटाइन या काल्पनिक धातूची घनता गेममध्ये फक्त 200 धरली आहे. त्याच्या कुऱ्हाडीला तोड नाही, आणि त्याचा हातोडा लहान मुलाला खेळायला द्यावा.

सावधान: गणवेश ठरवून दिला म्हणजे तो अंगावर चढला असे नाही. हातमोजे डावे-उजवे वेगळे असतात आणि एकच मोजा घालून फिरणारे सैनिक नेहमी दिसतात. शत्रू येण्याआधी प्रत्येकाच्या माहितीपत्रात अंगावरच्या वस्तू तपासा.

## 6. हॉस्पिटल लढाईच्या आधी उभे करा

नव्या खेळाडूंचे सर्वाधिक सैनिक रणांगणात मरत नाहीत. ते नंतर मरतात, तहानेने, जंतुसंसर्गाने, किंवा नुसते कोणी तपासले नाही म्हणून. सैन्याची पहिली तुकडी काढायच्या आधी हॉस्पिटल हवे.

जागा आखून तिला हॉस्पिटल ठरवा आणि तीत पुढील सामान ठेवा:

- पलंग, टेबले आणि सामान ठेवायला पेट्या.
- ट्रॅक्शन बेंच. ते टेबल, दोर किंवा साखळी, आणि एक यंत्रभाग जोडून तयार होते. वाईट मोडलेली हाडे त्यावर स्थिर ठेवतात.
- दोरा, टाके घालण्यासाठी.
- कापड, पट्टी बांधण्यासाठी.
- खपच्या, आणि जमल्यास जिप्समपासून भाजून केलेली प्लास्टरची पूड. प्लास्टरला पाणीही लागते.
- कुबड्या, ज्यांना उभे राहता येत नाही त्यांच्यासाठी.
- बादल्या आणि साबण.

दोरा आणि कापडापुढचे आकडे पाहून घाबरू नका. दोऱ्याचे एक नग म्हणजे 15,000 आणि कापडाचे एक नग म्हणजे 10,000 असे गेम मोजतो. त्यामुळे 75,000 दोरा हवा असे लिहिलेले असले, तरी त्याचा अर्थ पाच नग एवढाच. मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाळा: अ‍ॅडमँटाइनचे तंतू खणून काढले असतील तर ते हॉस्पिटलच्या पेटीत जाऊ देऊ नका. गेमच्या लेखी तोही दोराच, आणि ज्या तंतूतून कुऱ्हाड झाली असती त्याने एखाद्याच्या पोटरीला टाके पडलेले असतात.

साबणाचे काम लांबचे आहे म्हणून लोक ते टाळतात. लाकूड जाळून राख, राखेपासून क्षाराचे पाणी, आणि त्यात जनावराची चरबी किंवा तेल घालून साबण. तीन वेगवेगळ्या कार्यशाळा लागतात. तरी ते करा. साबणाशिवाय धुतलेली जखम आज बरी दिसते आणि काही महिन्यांनी त्याच जखमेच्या संसर्गाने माणूस दगावतो, तेव्हा कारण शोधायला जुने रिपोर्ट चाळत बसावे लागते.

पाण्याची गोष्ट साबणाइतकीच मोठी. धडधाकट ड्वॉर्फ दारूवर जगतो, पण पलंगावर पडलेला फक्त पाणीच पितो, आणि तेही दुसऱ्याने बादलीतून आणून दिले तर. साचलेल्या डबक्याचे पाणी जखम धुवायला वापरले तर संसर्ग वाढतो. नदीचे वाहते पाणी आत आणून हॉस्पिटलशेजारी विहीर बांधा. थंड प्रदेशात हिवाळ्यात उघड्यावरचे पाणी गोठते, तेव्हा विहीर जमिनीखालीच असावी.

आता माणसे. चीफ मेडिकल ड्वॉर्फ हे पद कोणाला तरी द्या, नाहीतर जखमींची नीट माहिती तुम्हाला दिसणारच नाही. तपासणी, शस्त्रक्रिया, टाके, हाड बसवणे आणि पट्टी ही पाच वेगळी कौशल्ये आहेत. तपासणी झाल्याशिवाय पुढचे काही सुरू होत नाही, म्हणून तपासणारा माणूस एकच असेल आणि तोच लढाईत जखमी झाला, तर सगळे हॉस्पिटल ठप्प. डॉक्टरांना सैन्यात घेऊ नका, खाणीवरही पाठवू नका, आणि त्यांच्याकडे दुसरी कामे शक्य तेवढी कमी ठेवा. एखादा रुग्ण तपासणीची वाट पाहत पलंगावर पडून असेल आणि तुमचा एकुलता वैद्य दगड वाहत असेल, तर दोष गेमचा नाही.

## 7. लढाई संपल्यावर लगेच काय करावे

क्रम चुकू नये म्हणून तो सलग सांगतो. शत्रू खरोखर गेले याची खात्री होईपर्यंत दाराचा पूल उचललेलाच ठेवा. पूल खाली येताच जखमी उचलायला, बाण वेचायला आणि मेलेल्यांचे कपडे गोळा करायला अर्धा गाव बाहेर धावतो, आणि मागे राहिलेला एक धनुर्धारी त्यांतले चार-पाच टिपतो. खात्री पटली की तुकडीचे हुकूम रद्द करा. कामगिरीवर असलेला सैनिक पाय ओढत असला तरी बहुधा पलंगावर जात नाही, तो आपल्या ठाण्यावर उभा राहतो. हुकूम सुटला की चालता येणारे स्वतः जातात, न चालणाऱ्यांना दुसरे उचलून नेतात. जखमी आणण्याचे काम पुरेशा लोकांना दिलेले आहे ना, ते इथे कळते.

मग प्रत्येक जखमीच्या माहितीपत्रात आरोग्याचा भाग उघडा. जखमा कोणत्या, कोणता उपचार बाकी आहे, आणि तो कशासाठी अडला आहे, हे तिथे दिसते. ‘टाके बाकी’ असे तीन दिवस दिसत असेल तर दोरा संपला आहे. ‘धुणे बाकी’ असेल तर पाणी किंवा बादली नाही.

बऱ्या झालेल्यांची वाटणी शांतपणे करा. कुबडीवर चालणारा सैनिक सरावाने बराच वेग पकडतो आणि तटावर धनुष्य घेऊन उभा राहू शकतो, पण कुबडी एक हात अडवते, म्हणून त्याला समोरासमोरच्या तुकडीत ठेवू नये. पकड कायमची गेलेला अनुभवी गडी नव्यांना शिकवायला ठेवता येतो.

## 8. जिथे हे नियम चालत नाहीत

वर सांगितलेले बहुतेक सगळे वेदना आणि रक्त असलेल्या प्राण्यांबद्दल आहे. मेलेल्यांतून उठवलेल्या प्रेतांना वेदना होत नाहीत, त्यांचे रक्त जात नाही, ते बेशुद्ध पडत नाहीत. त्यांच्यावर भाला वाया जातो. कुऱ्हाडीने तुकडे केले आणि मांत्रिक जवळ असेल तर तुटलेले हात वेगळे उठून अंगावर येतात. तिथे हातोडा आणि गदाच हवी, शरीराचा भाग पार चेचून टाकणारी. ब्राँझ कोलोसस हा पुतळा तर सगळाच्या सगळा धातूचा, त्याला आत अवयव नाहीत. त्याच्या अंगावर नवी तुकडी पाठवण्यापेक्षा त्याला पिंजऱ्याच्या सापळ्यात अडकवणे कधीही स्वस्त.

विषारी किंवा कुजवणाऱ्या धुराचे विचित्र राक्षस खालच्या गुहांतून येतात. त्यांच्या माऱ्याने मांस सडत जाते, आणि ते वेळेवर कापून काढावे लागते. शस्त्रक्रिया जाणणारा माणूस त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये नसेल, तर खालच्या गुहेचे दार बंदच राहू द्या.